हिरवीचा नंबर

"शून्य," नंबरकाका म्हणाले.

"कुठल्या डोळ्याचा?"

"दोन्ही."

डॉक्टरबाईंनी ते वहीत लिहिलं नाही. पेन तसंच धरून त्यांनी पुन्हा एकदा बघायला सांगितलं.

नंबरकाकांनी पुन्हा बघितलं. थंडगार खोली, ओली फरशी, गुडघ्यांखाली घडी घातलेलं पोतं आणि समोर टॉवेलमध्ये गुंडाळलेला पेंग्विन. त्याला दोन गुडघ्यांत धरून बसलेली बाई त्याच्या मानेवरून सावकाश बोटं फिरवत होती. खोलीतले दिवे मुद्दाम मंद ठेवले होते. भर उजेडात या पक्ष्यांच्या डोळ्यातली बाहुली आक्रसून टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि तीही गोल नाही, चौकोनी. तेवढ्याशा भोकातून आतलं काय दिसणार? मंद उजेडात ती पसरली, की नंबरकाका हातातल्या स्कोपची उभी प्रकाशरेघ तिच्यावरून अलगद फिरवत. आतून तांबूस उजेड परत येई. रेघ सरकवल्यावर तो उजेड कुणीकडे सरकतो, एवढंच बघायचं. रेघेबरोबर सरकला तर एका जातीची काच, उलटा सरकला तर दुसऱ्या जातीची. एकेक काच डोळ्यापुढे धरत जायचं. एका काचेशी तो उजेड सरकायचा थांबतो आणि सबंध बाहुली एकदम उजळते. मग त्या काचेच्या आकड्यातून हातभर अंतराचे ठरलेले गुण वजा केले, की उरतो तो नंबर. समोरच्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

"शून्यच," ते म्हणाले.

सकाळपासूनचा हा तिसरा पक्षी होता. तिघांचाही नंबर शून्य. एकतीस वर्षं नंबरकाकांनी हेच काम केलं होतं, पण ओळीनं तीन शून्यं त्यांना कधी आली नव्हती. ज्याचा नंबर शून्य, तो त्यांच्याकडे येईलच कशाला?

ते डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढायला होते. खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते नंबरकाका. दवाखान्यात मशीन आल्यापासून त्यांच्या अंधाऱ्या खोलीबाहेरची रांग आटली होती. लोक मशीनवर हनुवटी टेकवत, आत दिसणाऱ्या चित्राकडे बघत आणि नंबराची चिठ्ठी घेऊन निघून जात. नंबरकाकांकडे उरली होती तान्ही मुलं, वाचा गेलेली म्हातारी माणसं आणि ज्यांना नीट सांगता येत नाही अशी काहीजणं. ज्यांना बोलता येत नाही, त्यांचा नंबर नंबरकाकांइतका अचूक काढणारं दुसरं कुणी त्या शहरात नव्हतं. मत्स्यालयातल्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना हे कुणाकडून तरी कळलं, आणि त्या स्वतःच दवाखान्यात येऊन धडकल्या. अठरा पेंग्विनांचे डोळे तपासायचे होते. आधी कोरड्यावर, मग पाण्यात. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यांची नजरसुद्धा पाण्यात आणि जमिनीवर सारखीच तेज राहते का, यावर त्यांना एक शोधनिबंध लिहायचा होता. नंबरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चावतात का?"

"एकच चावते," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच पक्ष्यांची पाण्यातली तपासणी होती. मोठ्या काचेच्या हौदात एकेक पक्षी सोडायचा, मासा दाखवून काचेजवळ आणायचा, आणि तो क्षणभर स्थिरावला की बाहेरून नंबरकाकांनी रेघ फिरवायची. मासा दाखवायचं काम कालच्या त्याच, पेंग्विनांची देखभाल करणाऱ्या बाईचं. ती स्वतःला मासळीबाई म्हणवून घ्यायची. वासामुळे बसमध्ये आपल्या शेजारची जागा कायम रिकामी राहते, तेव्हा दुसऱ्या कुणी नाव ठेवण्याआधी आपणच ठेवून घेतलेलं बरं, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पाण्यातही नंबर शून्याच्या आसपासच निघाला. नंबरकाकांनी काच पुसली, पुन्हा बघितलं. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी हौदाच्या काचेवर ओल्या बोटानं दोन आकृत्या काढून समजावलं. माणसाच्या बुबुळावरची पारदर्शक काच फुगीर असते, आणि उजेड वळवण्याचं निम्म्याहून जास्त काम तीच करते. पण पाणी आणि ती काच उजेडाच्या लेखी जवळजवळ सारखीच. त्यामुळे पाण्यात डोळे उघडले की तिच्यापाशी उजेड वळतच नाही, आणि सगळं धुरकट दिसतं. पेंग्विनाची ही काच जवळपास सपाट. मुळातच तिच्यावर भिस्त कमी, म्हणून पाण्यात शिरल्यावर गमावण्यासारखं फारसं काही नाही. खरं काम आतलं भिंग करतं. ते गोटीसारखं गोल आणि जोरकस, आणि त्याला दाबून हवा तो आकार देणारे स्नायू तसेच दणकट.

नंबरकाकांनी मनाशी आकडा मांडला. म्हणजे धडधाकट नजरेचा माणूस पाण्यात बुडी मारतो, तेव्हा त्याला चाळीसच्या वरचा नंबर लागतो. एवढ्या नंबराची काच त्यांच्या पेटीत नव्हती, कुणाच्याच नसते.

"घरी सांगा हे," मासळीबाई म्हणाली. "पोरंबाळं असतील त्यांना मजा वाटेल."

नंबरकाका नुसते हसले. घरी कुणी नव्हतं.

घर दोन खोल्यांचं होतं. त्यातली एकही खुर्ची दोन वर्षांत बोटभर हललेली नव्हती. दार उघडावं तर सताड, नाहीतर पूर्ण लावावं, अर्धवट कधी ठेवू नये, ही सवयही तशीच होती. अर्धवट दाराची कड आंधळ्या माणसाच्या कपाळावर बसते. बायको होती तोवर या सवयींना अर्थ होता. आता ती तिच्या धाकट्या बहिणीकडे राहत होती, दोन तासांच्या अंतरावर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नंबरकाका तिकडे जात, तिची औषधं देत, दोन-अडीच तास बसत आणि परत येत.

ती शाळेत शिकवायची. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती म्हणाली, डावीकडच्या बाकांवरची मुलं हात वर करतात आणि मला कळतच नाही. मुलं कुरकुर करतात, बाई आम्हाला विचारतच नाहीत. नंबरकाकांनी दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, आपल्या खोलीत बसवलं आणि नंबर काढला. होता तोच होता, पाव गुणाचाही फरक नाही. अक्षरांच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ तिनं घडाघडा वाचून दाखवली. वर्गात साठ मुलं, लक्ष तरी किती ठिकाणी देणार, असं ते म्हणाले. सहा महिन्यांनी ती पुन्हा म्हणाली. पुन्हा नंबर तोच. तिसऱ्या वेळी घरात दोन कप फुटले होते आणि तिच्या डाव्या दंडावर दाराच्या चौकटीचा वण होता. नंबरकाकांनी तिसऱ्यांदाही नंबर काढला, चष्म्याची काच स्वतः पुसून दिली आणि म्हणाले, "डोळे उत्तम आहेत तुझे. लक्ष कुठं असतं?"

त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर मोठ्या डॉक्टरांची खोली होती. ती वीस पावलं चालून त्यांनी तिला तिकडे कधी नेलं नाही. नंबर बरोबर होता ना.

काचबिंदू होता, डोळ्यातला दाब वाढून मागची नस मारणारा. शेवटी ती आपली आपणच मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी आत डोकावून बघितलं, तेव्हा नस पार सुकत आली होती. डाव्या बाजूचं जग आधीच गेलं होतं, उजवीकडचं पुढच्या चार वर्षांत गेलं. नंबरकाकांना कुणी बोल लावला नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्याचा पेशंटला स्वतःलाही पत्ता लागत नाही. पण तिला लागला होता, आणि तिनं तीनदा सांगितलं होतं. नंबरकाका त्यावर काही बोलले नाहीत. आणि ते बोलायचं राहिलं, म्हणून हळूहळू बाकीचंही बोलायचे थांबले. मुळात ते मितभाषीच होते. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत "हे बरं की हे?" एवढंच विचारलेला माणूस. आता तेही विचारेनात. तिचं सगळं करत, वेळच्या वेळी करत, पण मुकाट्यानं.

ज्याला दिसत नाही, त्याच्या लेखी मुका माणूस घरात नसतोच. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते खुर्चीत बसले होते. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. तिला वाटलं, ते बाहेर गेलेत. ती हळूच काहीतरी पुटपुटू लागली. नंबरकाकांनी कान दिला. ती आपल्या शेवटच्या वर्गाची हजेरी घेत होती. एकेका मुलाचं नाव घ्यायची आणि आवाज बारीक करून स्वतःच "हजर" म्हणायची. काही मुलं गैरहजर होती. त्यांच्या नावापुढे ती जरा थांबायची. साठच्या साठ नावं झाली. मग ती रडली, बराच वेळ, कुणी बघत नाही असं समजून माणूस रडतो तशी. शेवटी नंबरकाका जरा सावरून बसले आणि खुर्ची करकरली.

"तुम्ही होतात?" तिनं विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

आठ दिवसांत ती बहिणीकडे गेली. भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "मला दिसत नाही, ते मी चालवून घेईन. पण घरात कोणी आहे की नाही, तेच कळेनासं झालंय."

मत्स्यालयातल्या चौथ्या दिवशी चावरी पेंग्विन समोर आली. या पक्ष्यांना नावं नव्हती, पंखाला अडकवलेल्या रंगीत कड्यावरून ओळखायचं. हिचं कडं हिरवं, म्हणून ती हिरवी. मासळीबाईच्या डाव्या हाताला दोन टाके पडलेले होते, ते हिचेच. वर्षभरापूर्वीपर्यंत हिच्याइतकी गरीब पक्षीण नव्हती, असं ती सांगत होती. मग काय बिनसलं कोण जाणे. शेजारून कुणी गेलं की अंगावर धावते, चोच मारते. दोन पक्ष्यांना रक्तबंबाळ केलं. खातेही कमी. जोडीदारसुद्धा आताशा चार हात लांबून असतो.

नंबरकाकांनी रेघ फिरवली. उजवा शून्य. डावा शून्य, आणि आतला उजेड इतका स्वच्छ की बघत राहावं. पाण्यातही तसाच.

डॉक्टरबाईंनी वहीत लिहिलं आणि सुस्कारा सोडला. डोळ्यांमुळे असं वागत असेल, अशी त्यांना थोडी आशा होती. "डोळे उत्तम आहेत. म्हणजे स्वभावच म्हणायचा." सोमवारपासून हिरवीला मागच्या बाजूच्या वेगळ्या खोलीत ठेवायचं ठरलं होतंच. एकटीला, कायमचं. तिथं पाण्याची छोटी टाकी होती. बाकीच्या पक्ष्यांना धोका नको, असं वरून सांगण्यात आलं होतं. मासळीबाईनं पाण्यातून काढताना गुंडाळलेला टॉवेल सोडवला, हिरवीला खाली ठेवलं आणि तोंड फिरवून टॉवेल पिळत बसली.

नंबरकाकांनी काचा पेटीत लावल्या. स्कोप पुसून ठेवला, नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. जिना उतरले, फाटकापर्यंत गेले, बसथांब्यावर उभे राहिले. बस आली. कंडक्टरनं चढताय का विचारलं. ते नाही म्हणाले. बस निघून गेली. मग ते उलटे फिरले.

डॉक्टरबाई हात धूत होत्या. काही राहिलं का, असं त्यांनी विचारलं.

"तो डावा डोळा," नंबरकाका म्हणाले. "बाहुली सुस्त वाटली. उजव्यासारखी आवळत नव्हती."

डॉक्टरबाईंनी सबुरीनं सांगितलं, की पक्षी बाहुली आपल्या मर्जीनं लहान-मोठी करू शकतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. आणि नंबर तर तुम्हीच काढलात, शून्य.

"नंबर बरोबर असला म्हणजे दिसतंच, असं नाही."

"म्हणजे?"

नंबरकाकांनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी काच बघतो," ते म्हणाले. "भिंग बघतो. उजेड आत नीट जातो का, एवढंच बघतो मी. पुढे त्याचं काय होतं, ते माझ्या स्कोपला कळत नाही. आंधळ्या डोळ्याचा नंबरसुद्धा शून्य येऊ शकतो, बाई." ते थांबले. "माझ्या बायकोचा नंबर शेवटपर्यंत बरोबर होता. मी स्वतः काढला होता. तीनदा."

हे त्यांनी कुणापाशी आजवर उच्चारलं नव्हतं. नळ चालू होता, तो डॉक्टरबाईंनी बंद केला. दारात टॉवेल घेऊन उभी असलेली मासळीबाई जागची हलली नाही.

पुढचं मासळीबाईनंच सुचवलं. खायला घालताना मासा नेहमी हातानं टाकतात. पाणी उडतं, आवाज होतो, पक्षी आवाजाच्या दिशेनं वळतो. आवाज न करता मासा सोडला तर? तिनं कुठूनशी एक लांब काठी आणली, टोकाला दोरा बांधला, दोऱ्याला मासा. हौदावरच्या फळीवर गमबूट घालून पालथी पडली आणि पोहणाऱ्या हिरवीच्या उजव्या बाजूला मासा अलगद पाण्यात उतरवला. हिरवीनं झडप घातली. दुसरा मासा, तिसरा, तसंच. उजवीकडून दहा सोडले, दहाही तिनं उचलले. काही तर तळाच्या अंधारातून सरळ रेषेत वर येऊन.

मग डावीकडून. मासा हिरवीच्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर लोंबत होता. तिचा डावा डोळा सताड उघडा, स्वच्छ, चकचकीत. ती त्याच्या शेजारून पोहत गेली. दुसरा मासा, तिसरा. सातव्या वेळी मासा तिच्या गालाला लागला तेव्हा ती दचकून वळली आणि वेड्यासारखी चोच मारत सुटली.

"अगं माझे बाई," फळीवरून मासळीबाई हळूच म्हणाली. "तुला दिसतच नाही होय."

डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला. डाव्यात असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता. उजव्यातही वाढायला लागला होता. डावा गेला तो गेला. पण उजवा थेंबांनी वाचवता येईल, असं त्यांचं मत पडलं. सहा महिने ती त्या मागच्या खोलीत एकटी राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी वेगळ्या खोलीचा बेत रद्द करायला वरच्यांना फोन लावला, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज जरा चढला. मासळीबाईनं ठरवून टाकलं की यापुढे हिरवीजवळ उजवीकडूनच जायचं, आणि जायच्या आधी तोंडानं आवाज द्यायचा. दिवसातून दोनदा थेंब घालायचे, एकदाही चुकवायचे नाहीत.

जाताना तिनं नंबरकाकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो.

"उशिरा कळलं," ते म्हणाले.

तो महिन्याचा तिसरा शुक्रवार होता. पहिल्या रविवारला अजून दोन आठवडे होते. नंबरकाका दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रजेचा अर्ज देऊन सकाळच्या बसमध्ये बसले.

मेहुणीनं दार उघडलं आणि ती गोंधळली. "भावोजी? आज कसे?" तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेहमीचा कलकलाट होता. रेडिओ चालू, कुकरची शिट्टी, खालच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांचा आरडाओरडा. त्या सगळ्याच्या मधोमध बायको खिडकीपाशी बसून लोकर गुंडाळत होती. तिनं मान वर केली.

"काही झालंय का?" तिनं विचारलं.

"तुला एक सांगायचंय," नंबरकाका म्हणाले. तिच्या हातातला लोकरीचा गुंडा थांबला. गेल्या दहा वर्षांत या माणसानं असं वाक्य सुरू केलेलं नव्हतं.

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. नीट सांगता येत नव्हतं. मधलं आधी, आधीचं मागून असं होत होतं. ओली फरशी, चौकोनी बाहुली, मासळीबाईचं नाव. त्यावर मेहुणी हसली. मग ओळीनं आलेली शून्यं, हिरवी, तिच्या हातून रक्तबंबाळ झालेले पक्षी, काठीला बांधलेला मासा. डाव्या बाजूनं ती कशी सरळ निघून गेली, ते त्यांनी दोनदा सांगितलं. मेहुणीनं रेडिओ बंद केला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"डावीकडचे बाक," बायको म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. तीनदा."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"एक दिवसही नाही." नंबरकाकांनी गुडघ्यांवर हात दाबून धरले. "नंबर बरोबर आला, म्हणून मी पुढे बघितलंच नाही. वीस पावलं होती. मी तुला नेलं नाही. माझ्यामुळे गेले तुझे डोळे."

खाली कुणीतरी बाद झालं आणि त्यावरून मुलांची जुंपली.

"मग बोलला का नाहीत?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते." ती म्हणाली. "रागावायला तरी मिळालं असतं मला. इतकी वर्षं मी कुणावर रागवायचं तेच मला कळलं नाही. देवावर रागावले, स्वतःवर रागावले. दंडाला वण उठला तेव्हा लक्ष कुठं असतं म्हणालात. मीही तेच म्हणत राहिले स्वतःला."

आणि मग ती रागावली. शाळेत रागवायची तशी, आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. कपांचं बोलली, हजेरीच्या दुपारचं बोलली, मुकाट्यानं समोर येणाऱ्या ताटाचं बोलली. ते ताट कुणी ठेवलं, माणसानं की भुतानं, तेही कळायचं नाही, असं म्हणाली. नंबरकाका ऐकत राहिले. मध्येमध्ये "हो" म्हणत राहिले, म्हणजे ते तिथं आहेत हे तिला कळावं. स्वयंपाकघरात मेहुणीनं दोनदा नळ उगाच सोडला आणि बंद केला.

ती दमली तेव्हा चहा आला. तिनं दोन्ही हातांत कप धरला.

"त्या पक्षिणीचं पुढे काय?"

एक डोळा वाचेल, असं नंबरकाकांनी सांगितलं. आता तिला एकटी ठेवणार नाहीत.

"पण मला हे सांगा, पाण्यात आपल्याला धुरकट दिसतं ते का, आणि त्यांना का नाही?"

त्यांनी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं सांगायला सुरुवात केली. फुगीर काच, उजेडाचं वळणं, गुणांचा आकडा. तिनं त्यांना मध्येच थांबवलं. असं सांगितलं तर तिसऱ्या ओळीतली मुलं झोपतील, आधी मुलांना विचारायचं, की पाण्यात डोळे कुणी कुणी उघडलेत. मग सांगायचं. नंबरकाकांनी विचारलं, "तू उघडलेस का कधी?" लहानपणी विहिरीत, ती म्हणाली; सगळं हिरवं आणि पुसट होतं, आणि वरून कुणीतरी हाका मारत होतं.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी येतेस?"

"नाही," ती म्हणाली. लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "इथं बरं आहे मला. आवाज असतात."

त्यांनी मान हलवली. मग लक्षात येऊन म्हणाले, "बरं."

निघताना ती दारापर्यंत आली. एक हात चौकटीवर होता. मेहुणी मागे उभी राहिली.

"उतरताना बोलत जा," बायको म्हणाली. "कुठवर गेलात ते कळू दे मला."

"काय बोलू?"

"काहीही. त्या पेंग्विनांचं बोला."

नंबरकाका पहिली पायरी उतरले आणि बोलू लागले. अठरा पक्षी आहेत, ते म्हणाले. त्यातले अकरा नर. पायऱ्या अरुंद होत्या, त्यांचा आवाज भिंतींवर आपटून वर जात होता आणि त्यांना स्वतःलाच तो कुणा परक्या माणसाचा वाटत होता. दुसऱ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडून बघितलं. नंबरकाकांनी तिला मानेनं नमस्कार केला, पण बोलणं थांबवलं नाही. त्यांच्या डोळ्यावरची काच सपाट असते, ते म्हणाले, म्हणून पाण्यात गेली तरी तिचं काही बिघडत नाही. पहिल्या मजल्यावर म्हातारा जोडे घालत बसला होता, त्यानं पाय आखडून वाट दिली. आतलं भिंग गोल, गोटीसारखं. हो, गोटीसारखं, ते पुन्हा म्हणाले, कारण पुढचं लवकर सुचेना.

ते रस्त्यावर आले आणि त्यांनी आवाज मोठा केला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती येऊन उभी राहिली होती. चेहरा खाली वळवलेला, पण ते उभे होते त्याच्या जरा उजवीकडे. "आणि दाबून त्याचा आकार बदलणारे स्नायू," ते म्हणाले, तेवढ्यात एक टेम्पो घरघरत शेजारून गेला आणि सगळं त्यात बुडालं. नंबरकाका थांबले. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वर तिचा चेहरा किंचित डावीकडे वळला.